डोक्यावरचं भिंग आणि मिग-२१ चं कॉकपिट: पावसाळा-हिवाळा वापरल्यानंतर

चाळिशी लागली की विमानांची छोटी प्लास्टिक मॉडेलं जोडून रंगवणाऱ्याची पहिली विकेट कॉकपिटमध्ये पडते. पंख, फ्यूजलाज (विमानाचं धड), कॅमफ्लाज सगळं अजून जमतं, पण इन्स्ट्रुमेंट पॅनेल हातात घेतलं की डायल कुठला आणि बटण कुठलं हेच कळेनासं होतं. हिशोब करून बघा. खऱ्या विमानातला नेहमीचा डायल साधारण ८० मिलिमीटरचा असतो. १/४८ मापात, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याच्या मॉडेलमध्ये, तो पावणेदोन मिलिमीटरही भरत नाही, आणि १/७२ मध्ये जेमतेम १.१. त्याच्या आतला काटा रंगवायचा म्हणजे नादच खुळा.

चष्म्याचा नंबर वाढवून झाला, टेबलावरचं गोल भिंग वापरून झालं. शेवटी गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनारकामाची हत्यारं मिळतात त्या दुकानातून डोक्याला बांधायचं भिंग आणलं. नाव-गाव नसलेला माल आहे. पुढे एलईडी, मागे पट्टा, चार लेन्सा बदलायची सोय, किंमत हजाराच्या आत. दुकानदाराने मात्र आधी विचारलं, "काम कसलं करता?" मी विमानाचं सांगितल्यावर जरा थांबला आणि म्हणाला, "मग एका डोळ्याचं नको, दोन्ही डोळ्यांचं न्या." हा सल्ला फुकट मिळाला, पण सगळ्या खरेदीत तोच सर्वात किमती निघाला. घड्याळवाले डोळ्याला लावतात त्या भिंगाने दिसतं भरपूर, पण खोली कळत नाही. ब्रशचं टोक पॅनेलला टेकलंय का अजून अर्धा मिलिमीटर वर आहे, याचा अंदाज एका डोळ्याने येत नाही. दोन्ही डोळ्यांनी बघितलं की हात आपोआप योग्य जागी थांबतो.

आता लेन्सांबद्दल. सगळ्यात मोठी, ३.५ एक्स (म्हणजे साडेतीन पट) लिहिलेली लेन्स मी जवळजवळ वापरतच नाही. तिचं अंतर जेमतेम १० सेंटीमीटर. एवढ्या जवळ मॉडेल धरलं की ब्रशची दांडी भिंगाच्या कडेवर आपटते, ती वाचवायला मनगट वाकडं करावं लागतं आणि वाकड्या मनगटाने सरळ रेघ येत नाही. शिवाय पॅनेल स्पष्ट दिसत असताना कॉकपिटच्या दोन्ही बाजूंचे बटणांचे कन्सोल धूसर होतात, म्हणून मान सतत मागेपुढे. पावणेदोन ते दोन एक्सच्या लेन्सवर मात्र माझं सगळं काम चालतं. फुटभर अंतर राहतं, दोन्ही कोपर टेबलावर टेकवता येतात, आणि बारीक कामात निम्मं यश त्या टेकलेल्या कोपरांतच आहे.

एक फरक अनपेक्षित होता. भिंग आल्यावर माझे ब्रश बारीक व्हायच्या ऐवजी जाड झाले. आधी तीन शून्य, पाच शून्य असले चार केसांचे ब्रश घ्यायचो. त्यांच्या पोटात रंगच मावत नाही, पॅनेलपर्यंत पोचेस्तोवर टोकावरचा थेंब सुकलेला असतो, आणि एप्रिल-मे मध्ये तर विचारूच नका. आता टोक नीट दिसतं म्हणून सेबलच्या (एका प्राण्याच्या) केसांचा एक नंबरचा ब्रश वापरतो. टोक शाबूत असलं की तो डायलची कडसुद्धा गाठतो, आणि रंग शेवटपर्यंत ओला राहतो. जोडीला बटर पेपर आणि ओल्या स्पंजची पॅलेट असली की व्हॅलेजो कंपनीचे रंग तासभर तरी वापरता येतात. तामिया कंपनीचे अ‍ॅक्रिलिक एअरब्रशला (हवेने रंग फवारायला) उत्तम, पण हाताने बारीक काम करायला ते फार पटकन सुकतात.

खरी परीक्षा मिग-२१ ने घेतली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाने या लढाऊ विमानाला निरोप दिला, त्याच आठवड्यात माळ्यावरचं एडुआर्ड कंपनीचं १/४८ किट खाली काढलं. आपल्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात बनलेलं विमान, ते अजून डब्यात पडून राहणं बरं दिसत नव्हतं. किटमध्ये रंगवून आलेलं धातूचं पॅनेल असतं, ते छान आहे, पण मला ते चपटं वाटतं. म्हणून प्लास्टिकचं उठावाचं पॅनेल घेतलं. आधी सगळ्यावर तो रशियन कॉकपिटांचा निळसर हिरवा, मग डायल काळे, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने करडा रंग कडांवरून नुसता फिरवायचा. डायलमधल्या खुणांसाठी काळ्याखाली आधीच पांढरा दिलेला होता. काळा सुकल्यावर टाचणीच्या टोकाने हलकेच खरवडला की खालचा पांढरा काट्यासारखा वर येतो. भिंगाशिवाय हे करणं म्हणजे नशिबावर हवाला. शेवटी टूथपिकने प्रत्येक डायलवर ग्लॉस वार्निशचा एकेक थेंब, झाली काच.

पॅनेलच्या मधोमध एक उभी पांढरी रेघ असते. विमान स्पिनमध्ये गेलं, म्हणजे गरगरत खाली येऊ लागलं, तर स्टिक (हातातला दांडा) बरोबर मध्ये कुठे ढकलायची हे वैमानिकाला कळावं म्हणून ती असते. खालून वर एका दमात ओढली, आणि ती ओढताना हात बघायचा नसतो, टोक बघायचं असतं. एवढ्या एका रेघेसाठी सुद्धा भिंगाचे पैसे वसूल.

तक्रारीही आहेत. एलईडीचा प्रकाश इतका थंड पांढरा की मिगचा हिरवा त्याखाली चक्क निळा दिसतो. रंग मिसळताना तो दिवा बंदच ठेवा. मी तर तीन सेल काढूनच टाकले आणि डावीकडे टेबललॅम्प घेतला. कपाळावरचं वजन कमी झालं आणि ओल्या रंगावरची चमकही गेली. लेन्सा प्लास्टिकच्या आहेत, म्हणजे लॅकर थिनर लागलेलं बोट त्यांच्या आसपाससुद्धा नको. चष्म्यावर बसतं, पण बायफोकल असेल तर चष्म्याच्या कुठल्या भागातून बघायचं याचा गोंधळ होतो. बायफोकलवाल्यांनी आधी दुकानातच घालून बघावं.

आणि आपला जुलै. बाहेर संततधार, खोलीत ओल, जरा खाली वाकलं की श्वासाने लेन्स धुरकट. पंखा अंगावर न घेता भिंतीकडे तोंड करून लावला की बरं. कपाळाच्या स्पंजला मात्र पहिल्याच पावसाळ्यात वास धरला.

अजून एक, भिंगातून डाग फार मोठे दिसतात. कॅनॉपी (कॉकपिटवरची काच) चिकटवल्यावर ज्याचा मागमूस राहणार नाही असा ठिपका पुसत बसायचा मोह होतो. मी हल्ली पॅनेल झालं की भिंग वर सरकवून हातभर अंतरावरून बघतो. तिथून दिसला तरच तो डाग.

स्पंजच्या जागी आता सुती कापडाची पट्टी शिवून घेतली आहे, आणि सैल पडलेल्या पट्ट्यात शिंप्याकडून इलॅस्टिक घालून घेतलं. सुटी लेन्स मात्र गुजरीत कुठेच मिळाली नाही. एक चरे पडून गेली की अख्खा संचच नवा घ्यावा लागणार, तेव्हा घेतल्यावर लेन्सांची डबी जपून ठेवा.