नोकरी ठाण्यात किंवा नवी मुंबईत, घर कुठे? आसनगाव, वांगणी की उलवे-उरण

ठाण्याचं किंवा नवी मुंबईचं घरभाडं आता झेपत नाही, आणि स्वतःचं घर घ्यायचं म्हटलं की शोध बहुतेकांचा तीनच ठिकाणी येऊन थांबतो. कसारा मार्गावर वासिंद-आसनगाव, कर्जत मार्गावर वांगणी-शेलू-नेरळ, नाहीतर उरण मार्गावर उलवे-द्रोणागिरी. काल-परवापर्यंत ही गावाकडची स्टेशनं होती. आज सकाळी सातला तिथल्या फलाटावर उभं राहायला जागा शोधावी लागते. हे किती झपाट्यानं होतं त्याचा अंदाज बदलापूरवरून घ्या. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत लाखाच्या आत होती, ती 2011 ला पावणेदोन लाखांच्या घरात गेली. पुढची गर्दी वांगणी-नेरळला सरकली, तशीच टिटवाळ्याची आसनगावला.

बिल्डरच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं ठळक अक्षरात असतं. त्या स्टेशनात गाडी किती मिनिटांनी येते, हे कुठेच नसतं. माझ्या मते घर ठरवताना एका प्रश्नाचा छडा आधी लावावा: या मार्गावर कमतरता कशाची आहे, गाड्यांची की रुळांची? गाड्या एका नव्या वेळापत्रकात वाढू शकतात. रूळ वाढायला मात्र अर्धी नोकरी सरते. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका 2008 च्या सुमारास मंजूर झाली आणि 18 फेब्रुवारी 2022 ला सुरू झाली. अंतर जेमतेम नऊ किलोमीटर.

आधी कर्जत आणि कसारा एकत्रच घेतो, कारण दोन्हींचं दुखणं एकच आहे. कल्याणच्या पुढे दोन्हीकडे लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या, सगळ्यांना मिळून दोनच रूळ. पुण्याच्या गाड्या कर्जतवरून, नाशिकच्या कसाऱ्यावरून. एक्स्प्रेस उशिरा धावत असली की तिला पुढे काढायला लोकल सिग्नलला उभी राहते, आणि घाटात एखादी मालगाडी अडकली तर त्या दिवशीचं वेळापत्रकच बोंबलतं. प्रवासी वाढले म्हणून हव्या तेवढ्या लोकल सोडता येत नाहीत, कारण त्या घालायच्या कुठे? दोन्हीकडे रूळ वाढवायचं ठरलेलं आहे. कल्याण-कसारा तिसऱ्या मार्गिकेचं काम कित्येक वर्षं चालू आहे. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी आणि कल्याण-आसनगाव चौथी मार्गिका एमयूटीपी 3-अ या मुंबईच्या रेल्वेविस्तार योजनेत आहेत. बदलापूर-कर्जत तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. पण ठाणे-दिव्याला लागलेली वर्षं डोळ्यांपुढे ठेवून या घोषणा वाचाव्यात. वीस वर्षांचं गृहकर्ज घेणाऱ्यानं पहिली दहा वर्षं आजच्याच दोन रुळांवर काढायची तयारी ठेवावी.

मग या दोघांत निवडायचं कसं?

गाड्यांची संख्या बघितली तर बदलापूरपर्यंत कर्जत मार्ग उजवा. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकल भरपूर आहेत, एसी लोकलही आहेत. पण वांगणी-शेलू-नेरळला त्याचा उपयोग नाही, कारण त्या गाड्या बदलापुरातूनच माघारी फिरतात. पुढे फक्त कर्जत आणि खोपोलीच्या गाड्या, त्याही ठरावीक अंतरानं. वांगणीकराला सकाळी कर्जतहून येणाऱ्या गाडीत बऱ्यापैकी जागा मिळते, नाही मिळाली तर चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला टेकायची जागा, तरी मिळते. बदलापूर आलं की मात्र दारातून आत शिरणं कुस्ती होऊन बसतं. त्यात अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी सीटसाठी उलटी बदलापूरपर्यंत येऊन रिटर्न घेतात, त्यामुळे बदलापूरहून सुटणारी गाडी फलाटाला लागतानाच भरलेली असते. ज्याला बदलापुरातच घर परवडतंय त्याला गाड्यांचे पर्याय जास्त, बसायची हमी कमी. वांगणीला बरोबर उलटं.

आसनगावचं तसं नाही. थेट आसनगावहून सुटणाऱ्या लोकल आहेत आणि कसाऱ्याहून येणाऱ्याही. ठाण्यापर्यंत साधारण सव्वा तास लागतो, पण तो बसून जातो. वासिंदला जागा मिळण्याची शक्यता थोडी कमी, तरी टिटवाळ्याइतकी वाईट नाही.

सकाळपेक्षा संध्याकाळ जास्त महत्त्वाची, आणि घर बघायला येणारे हेच विसरतात. ते रविवारी दुपारी येतात, मोकळ्या गाडीत खिडकीशी बसतात आणि खूश होऊन टोकन देतात. तुमची नोकरी ठाण्यात आहे. सीएसएमटीहून निघालेली कसारा किंवा कर्जत लोकल दादर, कुर्ला, घाटकोपर घेत ठाण्याला येते तेव्हा आत हवेलाही वाट नसते. ठाणे हे मधलं स्टेशन, तिथे कुणी सीट सोडत नाही. संध्याकाळी सातला ठाण्याहून चढणारा माणूस कल्याणपर्यंत उभा जातो, बहुतेकदा त्याच्याही पुढे. मुंब्र्याजवळ 9 जून 2025 ला दोन लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडून दगावले, त्यांतली एक गाडी कसाऱ्याकडेच निघाली होती. दारात लटकणं हा शौक नसतो, आत जागाच नसते. घरात कुणी रोज हा प्रवास करणार असेल, विशेषतः बाई किंवा वय झालेलं माणूस, तर एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी ठाण्याहून ती गाडी पकडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

रेल्वे बंद पडली तर घरी कसं पोचणार, हा दुसरा मुद्दा. यात आसनगाव सरळ जिंकतं. मुंबई-नाशिक महामार्ग स्टेशनच्या जवळून जातो, शहापूर तीनेक किलोमीटरवर, एसटी मिळते, काळीपिवळी मिळते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाल्यापासून या पट्ट्याला आणखी जोर आला आहे. वांगणीकडे उल्हास नदी आहे. 27 जुलै 2019 ला तिच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. अशा दिवशी रस्त्याचीही गत वेगळी नसते. वांगणी-शेलूत घर बघताना नदीपासूनचं अंतर आणि त्या वर्षी सोसायटीत पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे वॉचमनला आणि शेजारच्या दुकानदाराला विचारा. एजंटला विचारून उपयोग नाही.

शहापूरकडे उलट पाण्याची टंचाई. तानसा, भातसा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणं याच तालुक्यात आहेत आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर फिरतात. सोसायटी नळयोजनेवर आहे, बोअरवर की टँकरवर, हे लेखी घ्या. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये मिसळला की स्वस्त घराचा हिशेब बदलतो.

आसनगाव मार्गाबद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. पावसाळ्यात पहाटेच्या कसारा लोकलच्या लगेजच्या डब्यात खर्डी, आटगावहून आदिवासी बाया रानभाज्यांच्या पाट्या घेऊन चढतात. शेवळं, कंटोळी, कुरडूचे जुडगे पळसाच्या पानांत बांधलेले. कल्याण आणि ठाणे स्टेशनाबाहेर बसून त्या विकतात आणि दुपारच्या गाडीनं परततात. दूधवाले तसेच. अलीकडे नोकरदार जागा नाही म्हणून त्या डब्यात घुसतात आणि पाट्या पायाखाली येतात. ही गाडी आधीपासून त्यांची आहे. राहायला जाणार असाल तर तो डबा त्यांच्यासाठी सोडा.

आता उरण. इथे सगळं गणितच वेगळं आहे.

नेरूळ-बेलापूर ते खारकोपर हा टप्पा नोव्हेंबर 2018 मध्ये सुरू झाला, खारकोपर ते उरण 12 जानेवारी 2024 ला. त्याच दिवशी अटल सेतूही खुला झाला. प्रकल्पाचा खर्च नवी मुंबई वसवणारी सिडको 67 आणि रेल्वे 33 टक्के असा वाटून घेतलेला. मंजुरीपासून उरणला लोकल पोचायला पाव शतक गेलं, आणि तेवढी वर्षं उरणकर बसनं, डंपर-कंटेनरच्या मागे रखडत बेलापूर गाठत होते. म्हणूनच गाडी सुरू झाल्यावर लोकांनी ती अशी उचलून धरली. बंदरातले कामगार, कॉलेजची मुलं, वाशीला मासळी घेऊन जाणाऱ्या कोळणी, सगळेच.

या मार्गावर रूळ नवे, दुहेरी, आणि मेल-एक्स्प्रेसची ये-जा नाही. कमतरता आहे ती गाड्यांची. एक गाडी चुकली की अर्धा-पाऊण तास फलाटावर, आणि शेवटची गाडी मुंबईच्या मानानं लवकर. दोन पाळ्यांत काम करणाऱ्यानं ही वेळ आधी एम-इंडिकेटर या वेळापत्रकाच्या ॲपवर बघावी. कसारा-कर्जतच्या शेवटच्या लोकल सीएसएमटीहून मध्यरात्रीच्या सुमारास सुटतात, तो आधार इथे नाही. स्टेशनं सिडकोच्या पद्धतीची, प्रशस्त. पण खारकोपरच्या पुढे अंधार पडल्यावर रिक्षाची वाट बघावी लागते.

तरीही नोकरी बेलापूर, नेरूळ, तुर्भे, महापे या पट्ट्यात असेल तर मी डोळे झाकून उलवे म्हणेन. बामणडोंगरी किंवा खारकोपर या उलव्याच्या स्टेशनांहून नेरूळ वीसेक मिनिटं. परतीची गाडी नेरूळ-बेलापूरहूनच सुटते, त्यामुळे संध्याकाळीही बसायला मिळतं. ठाण्यात नोकरी असणाऱ्यालाही हा हिशेब लागू पडतो: ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून नेरूळ गाडी सुटते, तिथेही सीट, पुढे उरण गाडीतही सीट. वेळ जातो तो मधल्या थांब्यात. दोन गाड्यांच्या वेळा जुळत असतील तर हा प्रवास आसनगावपेक्षा अंगाला कितीतरी सोपा पडतो.

किंमत मात्र तशी सोपी नाही. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत आणि उलव्याचे भाव वांगणी-आसनगावच्या जवळपासही नाहीत. द्रोणागिरी त्यातल्या त्यात आवाक्यात. इथे कागद नीट बघा. अनेक इमारती साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. ज्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, ज्यांच्यासाठी 1984 ला जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, त्यांना मिळालेले हे भूखंड. सिडकोशी झालेला करार, हस्तांतरणाची परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र, तिन्ही हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दिवा-वसई आणि दिवा-पनवेलचा उल्लेख राहिला. भिवंडीतल्या गोदामांत काम करणाऱ्याला खारबाव-कामण परवडेल, पण तिथे धावणाऱ्या मेमू गाड्यांच्या फेऱ्या इतक्या थोड्या की त्या भरवशावर घर घेऊ नये. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं काम हे लिहिताना सुरू आहे. चिखले, मोहोपे, चौक ही त्याची मधली स्टेशनं, आणि वावर्ल्याचा बोगदा 2,625 मीटरचा, मुंब्र्याजवळच्या पारसिक बोगद्याच्या जवळपास दुप्पट. ही गाडी धावू लागली की कर्जतकराला कल्याणच्या गर्दीत न शिरता पनवेल गाठता येईल, आणि बेलापूरला नोकरी असणाऱ्यासाठी नेरळ-कर्जतचा पर्याय उलव्याच्या बरोबरीला येईल. तोवर नेरळचं घर घ्यायचंच असेल तर कल्याणमार्गेच जायचं आहे असं धरून घ्या, आणि चौकच्या आसपासचं घर बघत असाल तर पहिली लोकल प्रत्यक्ष धावल्यावर.