4 फुटी रीफ टँकला (खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा फिश टँक) संप (खाली कॅबिनेटमध्ये ठेवायची फिल्टरची टाकी) 2 फुटी की 3 फुटी?

टँक 120×45 सेमीचा धरा, लाईट गेली की रिटर्न पंप (संपातलं पाणी वर टँकमध्ये चढवणारा) बंद आणि वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या (जिथून टँकचं पाणी संपात पडतं) दातांपर्यंत खाली येतं, 4 सेमी उतरलं तरी 21-22 लिटर झालं, पाइपातलं वेगळंच. 60×30×35 च्या संपात पाणी 25 सेमीवर चालवलं तर जागा उरते 18 लिटर. म्हणजे फरशीवर खारं पाणी, घरच्यांची बोलणी फ्री! 90×40×40 मध्ये त्याच लेव्हलला 54 लिटर मोकळे. शिवाय स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) नीट बसतो, पाणी साफ ठेवणाऱ्या शेवाळाला कप्पा मिळतो. 2 फुटी स्वस्त, पण उन्हाळ्यात रिटर्नच्या कप्प्यातलं पाणी भराभर आटतं, ऑटो टॉप-अप (आटलेलं पाणी आपोआप भरणारा) लागतोच. कॅबिनेटमध्ये मावत असेल तर 3 फुटीच घ्या, मीठ थोडं जास्त लागेल एवढंच.