म्हाप्शातील जुन्या पुस्तकांचे दुकान

शुक्रवारच्या बाजाराला म्हाप्शात गेलो असता एका गल्लीतील जुन्या पुस्तकांच्या दुकानात अमेरिकेतील बेसबॉलच्या इतिहासावरील जो जाड ग्रंथ मिळाला, त्यातील कृष्णवर्णीय खेळाडूंच्या १८८७ सालच्या लीगवरील प्रकरणासाठी दिलेले पैसे मला सार्थकी लागल्यासारखे वाटतात.

पिट्सबर्गच्या वॉल्टर ब्राउन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘नॅशनल कलर्ड बेस बॉल लीग’ला दुय्यम दर्जाची लीग म्हणून अधिकृत मान्यता मिळाली होती. ६ मे रोजी पिट्सबर्गमध्ये न्यूयॉर्कच्या गॉरहॅम्स संघाने यजमान कीस्टोन्सला हरवले. परंतु लांबच्या प्रवासाचा खर्च तिकीटविक्रीतून भागेना आणि जेमतेम दोन आठवड्यांत सारे संपले. बॉस्टनचा रेझोल्यूट्स संघ तर घरापासून दूर लुइव्हिलमध्ये, परतीच्या भाड्याविना अडकून पडला. हे वाचताना मन कळवळते, कारण त्याच वर्षी १४ जुलैला इंटरनॅशनल लीग या दुसऱ्या एका दुय्यम लीगच्या संघमालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचे ठरवले आणि दुसरे दारही लोटले गेले. कीस्टोन्सकडून खेळलेल्या सोल व्हाइट यांनी पुढे हा इतिहास स्वतः लिहून ठेवला, ही मोठीच गोष्ट.

दुकानदारकाकांनी पुस्तक कपड्याने पुसून, शिवण तपासून दिले. मात्र क्रीडाविषयक पुस्तके पाककृतींच्या ढिगात मिसळलेली असतात, त्यामुळे शोधायला निवांत वेळ हवा. पावसाळ्यात खालच्या फळीवरील पुस्तके घेऊ नयेत, त्यांना ओल लागलेली असते.