मुद्द्यांवरून गोष्ट की शंभर शब्दांची गोष्ट?

ऐरोलीत आठवी-नववीच्या मराठी मीडियमच्या पोरांना इंग्लिशमध्ये गोष्ट लिहायला शिकवायचं तर दोन रस्ते, एक म्हणजे आपली जुनी मुद्दे देऊन गोष्ट लिहा पद्धत आणि दुसरा ड्रॅबल, म्हणजे बरोब्बर 100 शब्दांची गोष्ट, एक कमी नाही एक जास्त नाही.

मुद्द्यांचा फायदा एवढाच की कोरा कागद बघून कोणी घाबरत नाही, भूतकाळाची प्रॅक्टिस होते, 'डिड वेन्ट' सारख्या चुका पटकन सापडतात आणि पेपरलाही उपयोग. पण तपासायला बसा, सगळ्यांचा लाकूडतोड्या सेम टू सेम!

ड्रॅबलमध्ये खरी मजा आहे, कारण शब्दच कमी आणि इंग्लिश कच्चं असलेल्या पोराला तेच बरं पडतं. एकाने लिहिलं, 'ही वॉज व्हेरी व्हेरी सॅड'. म्हटलं पाच शब्द गेले तुझे, मला तो दिसला कुठे? मग त्याने बदलून लिहिलं की ट्रान्स-हार्बर लाइनची ठाणे लोकल आली तरी मुलगा बाकावरून उठलाच नाही. वाक्य मोडकंतोडकं होतं पण गोष्ट होती राव. हां, शब्द मोजण्यात वेळ जातो आणि काही जण 'द' उडवून 100 मध्ये बसवतात, तिथे लक्ष ठेवावं लागतं 😄

एकदम नवशिका असेल तर पहिले थोडे दिवस मुद्दे द्या, बाकी माझं मत ड्रॅबललाच, पेपरच्या आधीचा महिना सोडून.