संच छान आहे, पण वचन कुठलं ते कोण सांगणार?

धर्मग्रंथ आणि आजचे सामाजिक प्रश्न यांवरचा तीन खंडांचा जो संच सध्या निवृत्तीपासून वास्तुशांतीपर्यंत सगळीकडे भेट म्हणून दिला जातोय, तोच हा. नाव लिहीत नाही, कारण पुढे प्रकाशकाचंही काढायचं आहे. कुठला खंड कशावर, कागद कसा, टाइप केवढा, हे तुम्ही चाळून पाहिलंच असेल. त्यामुळे थेट तक्रारीवर येते.

एकाही वचनाला क्रमांक नाही. खाली फक्त ‘गीता’, ‘मनुस्मृती’, ‘उपनिषद’, ‘बायबल’. अध्याय नाही, श्लोक नाही, शेवटी सूचीही नाही. ‘महाभारत’ एवढंच लिहून वाचकाला सोडून देणं म्हणजे पाकिटावर पत्ता म्हणून नुसतं ‘भारत’ लिहिण्यासारखं आहे. परंपरेनं लाखभर श्लोक सांगितलेत, अठरा पर्वं आहेत. शोधा!

नुसतं वाचून कपाटात ठेवायचा असेल तर हे खटकणार नाही. मला सुरुवातीला खटकलं नव्हतंच, भाषा इतकी सरळ आहे की पहिला खंड झरझर वाचून झाला. आमचा छोटा वाचनगट आहे, तिथे दर वेळी एक प्रकरण घ्यायचं ठरलं आणि तिथून फाटत गेलं.

अहिंसेच्या प्रकरणात ठळक अक्षरात छापलंय, ‘अहिंसा परमो धर्मः, धर्महिंसा तथैव च’. म्हणजे अहिंसा हा श्रेष्ठ धर्म, आणि धर्मासाठी केलेली हिंसाही तशीच. खाली ‘महाभारत’. गटातल्या एकांनी विचारलं, कुठल्या पर्वात? पूर्वार्ध लगेच मिळाला: आदिपर्वात आहे, अनुशासनपर्वात आहे. उत्तरार्ध काही मिळेना. भांडारकर संस्थेनं शेकडो हस्तलिखितं ताडून केलेल्या चिकित्सक आवृत्तीत तो नाहीच. फॉरवर्ड केलेल्या मेसेजमध्ये मात्र हवा तेवढा सापडतो. आणि आमच्या लेखकमहाशयांनी त्या उत्तरार्धावर पाच पानं रचली आहेत! क्रमांक द्यायचाच, असा प्रकाशकाचा नियम असता तर ते शोधायला गेले असते आणि ती पाच पानं वाचली असती. कागदाचे पैसे आपणच देतो शेवटी.

पण खरी गंमत दुसऱ्या खंडात आहे. स्त्रियांवरच्या प्रकरणात मनुस्मृतीतलं ‘यत्र नार्यस्तु पूज्यन्ते’ आहे. ते कुणाला माहीत नाही? तिसऱ्या अध्यायातला छप्पन्नावा श्लोक. त्याच्यापुढे कुटुंबाचा आधार दाखवायला दुसरं वचन दिलंय: बालपणी वडील रक्षण करतात, तारुण्यात पती, म्हातारपणी मुलगे. आणि पुढे तीन टिंबं. ती टिंबं मला झोपू देईनात. उघडलं, तर हा नवव्या अध्यायातला तिसरा श्लोक, आणि टिंबांच्या जागी चौथा चरण आहे, ‘न स्त्री स्वातन्त्र्यमर्हति’. म्हणजे स्त्री स्वातंत्र्याला पात्र नाही. श्लोकाचे चार चरण, त्यातले तीन घ्यायचे, चौथा गिळायचा आणि वर क्रमांक द्यायचा नाही. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ज्या ग्रंथाचं दहन झालं, त्याबद्दल लिहिताना निदान चौथा चरण तरी लपवू नये. श्रद्धाळू माणसाला तो पेलणार नाही असं समजणं हा श्रद्धाळू माणसाचा अपमान आहे. मी रोज पोथी वाचणारी बाई आहे, मला पेलतो.

जातीच्या प्रकरणात तेच. गीतेतलं ‘चातुर्वर्ण्यं मया सृष्टं गुणकर्मविभागशः’ (चार वर्ण मी गुण आणि कर्म यांप्रमाणे निर्माण केले) घेतलंय, जन्माचा संबंध नाही असा निष्कर्ष काढलाय आणि विषय बंद. हा अर्थ अनेकांनी लावलाय, लावावा. पण इथे ४.१३ असं छापलं असतं तर वाचक गीता उघडून बसला असता आणि कधीतरी अठराव्या अध्यायातल्या ४१ ते ४४ या श्लोकांपर्यंतही गेला असता, जिथे कुणाची कर्मं कोणती त्याची यादीच आहे. मग वाद झाला असता. तो व्हायलाच हवा, त्यासाठीच तर पुस्तक घेतलं.

प्रकाशकाला मेल केली. उत्तर आलं की भावार्थ महत्त्वाचा, आकड्यांनी सामान्य वाचक बिचकतो. सामान्य वाचक विजेचं बिल वाचतो, त्याला ८.१५ वाचता येतं. पुन्हा लिहिलं. या वेळी, आवृत्त्यांप्रमाणे क्रमांक बदलतात म्हणून दिले नाहीत. हे गाथेबद्दल खरं आहे. तुकोबांचा एकच अभंग एका गाथेत एका क्रमांकावर, दुसरीत दुसऱ्याच. पण त्याला उपाय आहे, कुठली गाथा वापरली ते एकदा सांगा आणि पहिलं चरण द्या. गीतेचं काय? अठरा अध्याय, सातशे श्लोक. गुरू ग्रंथसाहिबाच्या छापील प्रतीत १४३० अंग, म्हणजे पानं, ठरलेली, कुठलीही प्रत उघडा. बौद्धांच्या धम्मपदात ४२३ गाथा, इथे गाथा म्हणजे श्लोक. यातलं काय बदलतं म्हणे?

तेवढ्यात दुसऱ्या खंडाचा मधला फर्मा शिवणीतून सुटून हातात आला. (चपटं ठेवून टिपणं काढत होते, दुसरं काही केलं नव्हतं.) आता भांडण होणार म्हणून कंबर कसली, तर त्यांनी फोटो मागवला आणि नवी प्रत घरपोच पाठवली, कुरिअरचा खर्चही त्यांचाच. कबूल करते, या बाबतीत सेवा उत्तम. नवी प्रत पुढच्या आवृत्तीची निघाली. अधाशासारखी शेवटची पानं उघडली, सूची आली का बघायला. सूची नाही. मान्यवरांचे अभिप्राय मात्र अकरा पानं वाढलेत.

इथपर्यंतचा मजकूर मी तिसरा खंड वाचायच्या आधी लिहून ठेवला होता आणि दोन तारे देणार होते. आता चार देते, आणि ते सगळे त्या एका खंडाचे आहेत.

तिसऱ्या खंडाचा लेखक वेगळा आहे. व्हेंटिलेटर कधी काढावा, अवयवदान करावं का, घरातलं व्यसन किती झाकायचं, असे विषय. पहिल्याच प्रकरणात तो लिहितो की यावर ग्रंथांत थेट काही नाही. बस्स, तिथेच मी त्याच्या बाजूची झाले. मग तो दधीचीची कथा ओढूनताणून अवयवदानाला चिकटवत नाही, कथा सांगतो, ती कुठवर उपयोगी आहे ते सांगतो आणि पुढचा विचार स्वतःच्या जबाबदारीवर करतो. आमच्या गटात एका घरी प्रत्यक्ष व्हेंटिलेटरचा निर्णय घ्यायची वेळ आली होती. त्या ताईंनी हे प्रकरण दोनदा वाचायला मागून नेलं. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मी काय देणार?

गुलामगिरीवरचं प्रकरण तर मुद्दाम वाचा. ‘ना दास ना स्वतंत्र’ हे गलतीकरांस पत्रातलं वचन एका पानावर, समोरच्या पानावर इफिसकरांस पत्रातलं, दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं हे. अमेरिकेत गुलामगिरीच्या वादात दोन्ही बाजू बायबलच हातात घेऊन उभ्या होत्या, हे तो कुणालाही न झोडपता सांगतो. पत्रांची नावं दिली आहेत म्हणून दोन्ही वचनं चहा गार व्हायच्या आत सापडली: ३:२८ आणि ६:५. आकडे मी घातले, पुस्तकात नाहीत. बायबलचे अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले आणि नव्या कराराला आज सगळीकडे चालणारे वचनांचे आकडे १५५१ मध्ये दिले रोबेर एतिएन यांनी. ते मुद्रक होते, मुद्रक! आमच्या प्रकाशकाला हे कळवलंय.

हा खंड सुटा मागितला तर देत नाहीत. संच घ्यावा लागतो, म्हणजे एका खंडासाठी तिघांचे पैसे. तुम्हाला कुणी भेट देणार असेल तर नाही म्हणू नका. स्वतः घेणार असाल तर ग्रंथालयात तिसरा आधी वाचा आणि मग ठरवा.

माझं काम चालूच आहे. समासात पेन्सिलीनं क्रमांक घालते, त्यामुळे कधी कधी लॉटरी लागते. ‘धर्मो रक्षति रक्षितः’ पहिल्या खंडात तरुणांना मिरवणुकीचं स्फुरण चढावं असं वापरलंय. मनुस्मृती ८.१५. आठवा अध्याय उघडला तर विषय राजाच्या न्यायसभेचा, आणि आदल्याच श्लोकात म्हटलंय की सभासदांच्या डोळ्यांदेखत अधर्म धर्माला आणि असत्य सत्याला मारतं, तिथे ते सभासदच मेलेले समजावेत. आजच्या सामाजिक प्रश्नांवरच्या पुस्तकाला यापेक्षा चांगलं वचन कुठलं मिळणार होतं? हाताशी होतं, एक श्लोक मागे.

दोन वचनं अजून अडली आहेत. एक पहिल्या खंडात कर्जाच्या प्रकरणात, खाली ‘उपनिषद’. दुसरं त्याच खंडात रागाबद्दल, खाली ‘एका संताने म्हटले आहे’. ज्यांच्याकडे संच आहे त्यांनी बघा, आणि सापडलं तर आवृत्तीसकट क्रमांक कळवा. ‘बहुधा ज्ञानेश्वरीत असेल’ असं कृपया लिहू नका, नऊ हजारांच्या आसपास ओव्या आहेत तिच्यात.