कार्डिओहेल्प: फुप्फुसातील मोठ्या गुठळीच्या रुग्णासाठी कितपत उपयोगी?

पल्मनरी एम्बोलिझमचा (फुप्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकण्याचा) अतिगंभीर रुग्ण बहुधा दगावतो तो हृदयाचा उजवा कप्पा थकल्यामुळे. गुठळीने फुप्फुसाची धमनी अडली की हा कप्पा फुगतो, हृदयातील मधला पडदा डावीकडे ढकलला जातो, डाव्या कप्प्यात पुरेसे रक्त येत नाही आणि रक्तदाब कोसळतो. अशा वेळी मांडीतील शिरेतून रक्त बाहेर घेऊन, त्यात प्राणवायू मिसळून ते मांडीतील धमनीतून परत सोडणारा व्हीए-एक्मो उजव्या कप्प्यावरचा भार थेट उतरवतो. गुठळी मात्र तो विरघळवत नाही; गुठळी हटवण्याचे काम ती विरघळवणाऱ्या औषधांचे, कॅथेटरचे (रक्तवाहिनीतून आत नेलेल्या बारीक नळीचे) किंवा शस्त्रक्रियेचे. म्हणून गेटिंगे कंपनीच्या कार्डिओहेल्प या एक्मो यंत्राची पारख करताना हे यंत्र किती लवकर सुरू होते आणि त्याने मिळवून दिलेला वेळ किती सुरक्षित असतो, एवढेच मी पाहतो.

पहिल्या कसोटीवर ते निःसंशय उजवे ठरते. कन्सोलचे (मुख्य यंत्राचे) वजन सुमारे १० किलो असल्याने कॅथलॅब, सीटी स्कॅन किंवा रुग्णवाहिका यांपैकी कुठेही ते रुग्णासोबत जाते, आणि बॅटरी सुमारे दीड तास साथ देते. रक्त गरम ठेवणारे युनिट वेगळे असते, ही प्रवासातली अडचण जाहिरातीतल्या छायाचित्रांत सहसा दिसत नाही. वीज आणि मोटर दोन्ही दगा देतील त्या प्रसंगासाठी हाताने फिरवायची मूठ दिलेली आहे; तिचा सराव प्रत्येक पाळीतल्या परिचारिकेला असला पाहिजे.

दुसऱ्या कसोटीवर निकाल संमिश्र आहे. शिरेकडील दाब, ऑक्सिजनेटरच्या (रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या भागाच्या) आधीचा व नंतरचा दाब, शिरेतील रक्ताची प्राणवायू-संपृक्तता आणि हिमोग्लोबिन हे सारे एकाच पडद्यावर दिसते. ऑक्सिजनेटरच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक वाढू लागला की आत गुठळी धरते आहे, हे वेळेत कळते. गुठळी विरघळवणारे औषध आधीच दिलेल्या रुग्णात हेपरिन (रक्त गोठू न देणारे औषध) वाढवावे तर कॅन्युलाच्या (शिरेत व धमनीत घातलेल्या नळीच्या) जागेतून रक्तस्राव होतो आणि कमी करावे तर सर्किटमधील (यंत्राच्या नळ्यांतील) रक्त गोठते. या कात्रीत सापडलेल्या परफ्युजनिस्टला (हे यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाला) त्या आकड्यांचा मोठा आधार असतो. पण पंप आणि ऑक्सिजनेटर एकाच संचात जोडलेले असल्याने केवळ ऑक्सिजनेटर बदलता येत नाही. तो निकामी झाला की संपूर्ण संच टाकून द्यावा लागतो, आणि जिथे एक्मोचे बिल बहुतेक वेळा रुग्णाच्या घरच्यांनाच भरावे लागते तिथे ही रचना परवडणारी म्हणता येणार नाही.

काही जोखमी कुठल्याही यंत्राने टळत नाहीत. मांडीच्या शिरेतच गुठळी असू शकते, म्हणून कॅन्युला घालण्यापूर्वी दोन्ही बाजूंची सोनोग्राफी झालीच पाहिजे. धमनीतील कॅन्युलामुळे पायाचा रक्तपुरवठा तुटू नये यासाठी खालच्या दिशेने वेगळी बारीक नळी घालावी लागते. हृदय सावरू लागले पण फुप्फुस अजून सावरलेले नसले, तर मेंदूकडे कमी प्राणवायूचे रक्त जाऊ शकते. त्यामुळे रक्तवायू तपासणीचा नमुना उजव्या हातातूनच घ्यावा. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही या उपचाराला ‘विचार करता येईल’ इतपतच स्थान आहे, आणि तेही रक्ताभिसरण कोसळलेल्या रुग्णात, शस्त्रक्रिया किंवा कॅथेटर उपचारांच्या जोडीने.

जाता जाता एक नोंद: अमेरिकन शल्यविशारद जॉन गिबन यांना एक्मोचे पूर्वज असलेल्या हार्ट-लंग मशीनची (हृदय व फुप्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या यंत्राची) कल्पना सुचली ती बोस्टनमध्ये १९३० च्या सुमारास, फुप्फुसातील गुठळीच्या एका रुग्णावर रात्रभर देखरेख करताना. त्यांचे यंत्र वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली ती १९५३ साली, हृदयाच्या पडद्यातील छिद्र बुजवण्यासाठी.

खरेदीचा विचार करणाऱ्या रुग्णालयाने आणखी एक गोष्ट तपासावी. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) कार्डिओहेल्प आणि त्याच्या संचांच्या सुरक्षिततेबद्दल चिंता व्यक्त करणारे पत्र काढले आणि शक्य तिथे पर्यायी यंत्रांकडे वळण्याचा सल्ला दिला. त्यानंतर काय दुरुस्त्या झाल्या, याचे लेखी उत्तर विक्रेत्याकडून मिळाल्याशिवाय आणि राखीव कन्सोल करारात आल्याशिवाय मी खरेदीची शिफारस करणार नाही. चोवीस तास प्रशिक्षित परफ्युजनिस्ट नसलेल्या रुग्णालयाने हे पैसे रुग्णाला मोठ्या केंद्रात लवकर पोहोचवण्याच्या व्यवस्थेवर खर्च करावेत.