फ्लेक्स-रन ब्लेड: लांब पल्ल्याला उत्तम, पण सॉकेट नीट असेल तरच

गुडघ्याखालून पाय गेलेल्यांनी मॅरेथॉनसाठी ब्लेड, म्हणजे पळण्यासाठीचा वाकवलेल्या कार्बन पट्टीचा कृत्रिम पाय, घेताना आधी आकार बघावा. कृत्रिम पाय बनवणाऱ्या ओसूर कंपनीची ‘चीता’ ब्लेडं इंग्रजी जे अक्षरासारखी, सॉकेटच्या (उरलेला पाय ज्यात बसतो त्या कपाच्या) मागच्या बाजूला बसणारी, मुळात स्प्रिंटसाठी. त्याच कंपनीचं फ्लेक्स-रन सी आकाराचं, थेट सॉकेटखाली बसतं. वजन पडलं की ते उभं दबतं, त्यामुळे तासन्‌तास एकाच संथ लयीत पळताना धक्का कमी लागतो. मात्र सॉकेटखाली त्याला भरपूर जागा लागते. स्टंप (उरलेला पाय) लांब असेल तर ते बसतच नाही.

कडकपणाची कॅटेगरी वजनावरून ठरते. मऊ घेतलं तर थकल्यावर ब्लेड पूर्ण दबून आदळतं, कडक घेतलं तर प्रत्येक पाऊल गुडघ्यात जातं. सरावात वजन बरंच उतरलं तर कॅटेगरी पुन्हा तपासून घ्या. ब्लेड दबणार हे धरून पाय सहसा दोनेक सेंटिमीटर उंच ठेवतात. उभं राहून जुळवलेली उंची पळताना कमी पडते आणि कंबर धरते.

पूर्वी बुटाचा तळ कापून ब्लेडला चिकटवायचे, तासन्‌तास जायचे त्यात. कृत्रिम पायाने पळणारी ट्रायथलीट सारा राइनर्टसन हिला सोबत घेऊन नाइकीने बनवलेला सोल खटकन बसतो. झिजतो तो पुढच्या टोकाकडे. रबर संपून कार्बन रस्त्याला लागू देऊ नका. कडेला पापुद्रे सुटले किंवा पळताना टकटक आवाज आला तर ते ब्लेड शर्यतीला नेऊ नये.

मोठी उणीव एकच: टाच नाही. सुरुवातीच्या गर्दीत वीस मिनिटं उभं राहणं हीच एक शिक्षा! आधाराला कठडा शोधून ठेवा.

एवढं असूनही शर्यत बहुतेकदा अर्ध्यात सोडावी लागते ती सॉकेटमुळे. पळता पळता स्टंप आकसतो, सॉकेटमध्ये खाली सरकतो आणि सगळा भार त्याच्या टोकावर येतो. त्याच वेळी लायनरमध्ये (स्टंपवर चढवायच्या मऊ आवरणात) घाम साचतो, घर्षण वाढतं, फोड येतो. म्हणून कमरेच्या पट्ट्यात १ आणि ३ प्लायचे (प्लाय म्हणजे जाडीचं माप) स्टंपचे मोजे, छोटा टॉवेल आणि स्क्रू आवळायला ४ मिमीची ॲलन की हवीच. मोजा लायनरच्या वरून घालायचा. सक्शन सॉकेट (हवाबंद राहून पाय धरून ठेवणारं) असेल तर तो सीलच्या कडेवर येता कामा नये, नाहीतर हवा शिरते. पाय सैल लागायला लागला की लगेच थांबा, घाम पुसा, १ प्लाय चढवा. दुखेपर्यंत वाट पाहिलीत तर कातडी आधीच सोललेली असते.

सरावानंतर लायनर काढून स्टंप बघा. लाली दहा मिनिटांत गेली तर ठीक. तिथेच राहिली तर ब्लेडला दोष न देता सॉकेट घासून घ्यायला प्रोस्थेटिस्टकडे (कृत्रिम पाय बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे) जा, आणि तेही शर्यतीच्या आठवड्यात नव्हे. बदललेल्या सॉकेटवर दोन-तीन लांब पल्ल्याच्या धावा झाल्याच पाहिजेत.